दहा मीटरच्या आतलं कॅरिबियन

स्कुबा डायव्हिंग करून आलेल्या माणसाला पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती खोल गेला होतास?" विचारणाऱ्याच्या मनात खोली म्हणजे पराक्रम. तीस मीटर म्हटलं की भुवया उंचावतात, सहा मीटर म्हटलं की विषय बदलला जातो. कॅरिबियन समुद्रातल्या प्रवाळांपुरतं तरी हे मोजमाप उलटं लावायला हवं, असं माझं ठाम मत आहे. तिथे पहिल्या दहा-बारा मीटरांत जेवढं जीवन दिसतं, जेवढा रंग दिसतो आणि ते निवांत बघायला जेवढा वेळ मिळतो, तेवढा त्याच्या खाली कुठेच मिळत नाही. यामागे पदार्थविज्ञान आहे, जीवशास्त्र आहे आणि भूगोलाची थोडी कृपाही आहे.

आधी जागा समजून घेऊ. उत्तरेला क्यूबा, दक्षिणेला व्हेनेझुएला, पश्चिमेला मेक्सिको, बेलीझ आणि होंडुरास, पूर्वेला छोट्या बेटांची लांबलचक कमान, आणि या सगळ्यांच्या मधलं पाणी म्हणजे कॅरिबियन समुद्र. मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पापासून होंडुरासच्या बेटांपर्यंत सुमारे १,००० किलोमीटर लांबीची प्रवाळांची रांग पसरली आहे. ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरियर रीफनंतर जगात हिचाच क्रमांक लागतो. अमेरिकेत राहणारी अनेक मराठी कुटुंबं सुट्टीत कानकुन आणि कोसुमेलला जातात, ती याच रांगेच्या उत्तर टोकाला. दक्षिणेकडे व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यासमोर अरुबा, क्युरासाव आणि बोनेर ही नेदरलँड्सच्या राज्यातली बेटं आहेत. त्यातलं बोनेर हे उथळ डायव्हिंगचं माहेरघर म्हणावं असं आहे, त्याच्याकडे पुन्हा येऊच.

प्रवाळ हा प्राणी आहे. एकेक जीव अगदी लहान, पण असे हजारो जीव शेजारी-शेजारी राहून चुन्याचा सांगाडा बांधतात आणि त्यातूनच प्रवाळभित्ती, म्हणजे रीफ, उभी राहते. एवढं बांधकाम करायला लागणारी शक्ती त्यांना मिळते ती त्यांच्याच पेशींमध्ये राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांकडून. ही शैवालं सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतात. प्रवाळ त्यांना निवारा देतो आणि आपल्या शरीरातून बाहेर पडणारी खतद्रव्यं पुरवतो. म्हणजे प्रवाळभित्ती समुद्रात असली तरी ती उन्हावर जगते. जितकं ऊन जास्त, तितकी वाढ जलद.

कॅरिबियनमधला एल्कहॉर्न प्रवाळ हे याचं सगळ्यात ठळक उदाहरण. रुंद, चपट्या, शिंगांसारख्या फांद्या, रंग पिवळसर तपकिरी. हा मुख्यतः एक ते पाच मीटर खोलीत वाढतो, लाटा फुटतात तिथेच. त्याच्या फांद्या वर्षाला पाच ते दहा सेंटिमीटर वाढू शकतात, आणि प्रवाळांच्या जगात हा वेग फार मोठा आहे. वादळात फांद्या तुटतात, तळाशी पडतात आणि परिस्थिती बरी असेल तर तिथेच चिकटून नवीन वसाहत सुरू करतात. त्याचा नातेवाईक स्टॅगहॉर्न थोडा खाली, बारीक फांद्यांचं दाट जाळं करून राहतो. या फांद्यांच्या आडोशाला लहान मासे वाढतात, लहान माशांमागे मोठे येतात. कॅरिबियन रीफची वस्ती या उथळ भागात एवढी दाट असण्याचं मूळ कारण हे आहे.

भूगोलाची कृपा म्हणालो ती अशी. मुंबईत मोठ्या भरतीला पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं, आणि काही तासांत तितकंच उतरतं. त्या ये-जा करणाऱ्या पाण्याबरोबर गाळ ढवळला जातो. कॅरिबियनच्या बहुतेक भागांत भरती-ओहोटीतला फरक अर्धा मीटरसुद्धा नसतो. त्यामुळे प्रवाळ पृष्ठभागाच्या अगदी जवळपर्यंत वाढू शकतात आणि पाणी शांत राहतं. शिवाय तिथल्या पाण्यात पोषकद्रव्यं कमी, म्हणून तरंगणारं सूक्ष्म शैवालही कमी. बोनेरसारख्या कोरड्या बेटावर तर गाळ आणणाऱ्या नद्याच नाहीत. वीस-पंचवीस मीटर लांबचं स्वच्छ दिसणं तिथे नेहमीचं आहे. मालवण-तारकर्लीला पहिल्यांदा रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरची हवा तोंडात देणारं साधन, तोंडात धरलेल्या माणसाला हा फरक पाण्यात डोकं घातल्याबरोबर जाणवतो. आपल्या समुद्राला कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. कोकणचं पाणी गढूळ आहे कारण ते सकस आहे, आणि आपल्या ताटातला बांगडा त्याच सकसपणावर पोसतो.

आता रंगाचा मुद्दा. पाणी सूर्यप्रकाशातले सगळे रंग सारख्या प्रमाणात पुढे जाऊ देत नाही. लाल रंग सगळ्यात आधी शोषला जातो. पाच मीटरपर्यंत त्याचा मोठा भाग गेलेला असतो आणि दहा मीटरच्या पुढे तो जवळपास उरत नाही. मग नारिंगी जातो, मग पिवळा. तीस मीटरवर उरतो तो निळा आणि थोडा हिरवा. तिथे बोटाला खरचटलं तर रक्त हिरवट काळं दिसतं. लाल स्पंज तिथेही लालच असतो, पण डोळ्यापर्यंत पोचायला लाल प्रकाशच नसल्यामुळे तो करडा भासतो. टॉर्च मारला की रंग परत येतो, पण टॉर्चच्या झोताएवढ्या वर्तुळापुरताच. चार-पाच मीटरवर मात्र अख्खं दृश्य रंगीत असतं, आणि त्यावर लाटांमधून गाळून आलेल्या उन्हाच्या रेषा सतत हलत असतात. ज्यांना फोटो काढायचे आहेत त्यांनी तर या थराच्या खाली जायची घाई करूच नये.

तिसरं कारण हवा आणि वेळ यांचं गणित. हे एकदा नीट समजलं की बाकीचं बरंच आपोआप समजतं.

जमिनीवर आपल्या अंगावर हवेचा दाब असतो, त्याला एक वातावरण म्हणू. समुद्रात दर दहा मीटरला आणखी एक वातावरणाची भर पडते. म्हणजे दहा मीटरवर दोन, वीसवर तीन, तीसवर चार. रेग्युलेटर आपल्याला भोवतालच्या दाबाइतक्याच दाबाची हवा देतो, नाहीतर छाती फुगवताच आली नसती. त्यामुळे तीस मीटरवरच्या प्रत्येक श्वासात पृष्ठभागाच्या चौपट हवा खर्च होते.

नेहमीचा ११ लिटरचा सिलिंडर २०० बार दाबाने भरला की त्यात साधारण २,२०० लिटर हवा मावते. शेवटचे ५० बार राखीव ठेवायचे, म्हणजे वापरायला उरले सुमारे १,६५० लिटर. शांतपणे पोहणारा माणूस पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा वापरतो असं धरू. पाच मीटरवर दाब दीडपट, म्हणून खर्च ३० लिटर. सिलिंडर जवळपास ५५ मिनिटं पुरतो. तीस मीटरवर खर्च ८० लिटर. तोच सिलिंडर जेमतेम २० मिनिटांत संपतो, आणि त्यात खाली जाण्या-येण्याचा वेळही आला.

हवेबरोबर नायट्रोजनचा हिशोब असतो. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आहे. दाबाखाली तो रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळत जातो. माणूस झटकन वर आला तर सोड्याची बाटली उघडल्यावर येतात तसे त्याचे बुडबुडे शरीरात तयार होतात. सांधे दुखतात, आणि गंभीर प्रकरणात मेंदू आणि मज्जारज्जूवर परिणाम होतो. म्हणून प्रत्येक खोलीसाठी एक कालमर्यादा आखलेली असते, जिच्या आत राहिलं तर वाटेत सक्तीचे थांबे न घेता वर येता येतं. डायव्हर तिला नो-डेको लिमिट म्हणतात. पाडी या प्रशिक्षण संस्थेच्या तक्त्यात पहिल्या डाईव्हसाठी ही मर्यादा ३० मीटरला २० मिनिटं, १८ मीटरला ५६ मिनिटं आणि १० मीटरला २१९ मिनिटं आहे. शेवटचा आकडा पुन्हा वाचावा असा आहे. दहा मीटरवर तुम्ही साडेतीन तासांहून जास्त राहू शकता. त्याच्या कितीतरी आधी हवा संपेल किंवा थंडी वाजेल. पाणी २७-२८ अंशांचं असलं तरी शरीराची उष्णता ते हवेपेक्षा खूप वेगानं ओढून घेतं, म्हणून तासभर रमायचं असेल तर तीन मिलिमीटरचा पातळ वेटसूट हवाच.

तीस मीटरच्या आसपास नायट्रोजनची धुंदीही चढू लागते, विचार मंदावतो. उथळात डोकं स्वच्छ असतं. आणि खोल जाऊन आलेला प्रत्येक डायव्हर शेवटी पाच मीटरवर तीन मिनिटं सावधगिरीचा थांबा घेतोच. त्या तीन मिनिटांत तो खोली आणि वेळ दाखवणाऱ्या डाईव्ह-संगणकाच्या पडद्याकडे बघत लटकत असतो, आणि त्याच्या पायातल्या फिन्सच्या खाली रीफचा सगळ्यात गजबजलेला भाग पसरलेला असतो.

आता त्या गजबजाटात काय बघायचं ते. इथे मी थोडा रेंगाळणार आहे.

उथळ रीफवर जवळपास सगळीकडे ब्ल्यूहेड रास नावाचा बोटभर लांबीचा मासा दिसतो. पिवळ्या पट्ट्यांचे पुष्कळ आणि मधूनच एखादा निळ्या डोक्याचा, हिरव्या अंगाचा, मध्ये काळ्या-पांढऱ्या कॉलरचा. दोन वेगळ्या जाती वाटतात, पण जात एकच. निळ्या डोक्याचा हा दादा नर, आणि पिवळ्यांमध्ये बहुतेक माद्या, काही लहान नर. हा मोठा नर मेला किंवा उचलला गेला की पिवळ्यांमधली मोठी मादी काही तासांतच नरासारखी वागू लागते, आणि आठ-दहा दिवसांत खरोखर नर होते. रोज दुपारच्या सुमारास हे मासे प्रवाहाच्या दिशेला असलेल्या रीफच्या टोकाशी जमतात. नर आणि मादी झपकन वर उसळतात, टोकाला अंडी आणि वीर्य पाण्यात सोडतात आणि परत खाली. पाण्यात पांढरा धुरासारखा ढग क्षणभर दिसतो. ज्याला हे माहीत नाही त्याला फक्त मासे इकडून तिकडे धावताना दिसतात.

सार्जंट मेजर हा काळ्या पट्ट्यांचा मासाही सगळीकडे असतो. एखादा जर निळसर पडला असेल आणि एकाच जागेवर घिरट्या घालत असेल, तर खडकावर किंवा धक्क्याच्या खांबावर जांभळा डाग शोधा. ती त्याची अंडी. राखण बाप करतो. आजूबाजूला रास मासे टपून असतात, आणि तुम्ही जवळ गेल्यामुळे बाप पळाला तर ते काही सेकंदांत डल्ला मारतात. अशा ठिकाणी चार हात लांब थांबणं ही किमान सभ्यता आहे.

रीफशेजारच्या वाळूत यलोहेड जॉफिश उभं बीळ करून राहतो. पिवळसर डोकं, मोत्यासारखं निळसर अंग, बिळाच्या तोंडावर शेपटीवर तोललेला. इथेही संसार बापाच्या तोंडात: नर अंडी तोंडात ठेवून साधारण आठवडाभर सांभाळतो आणि अधूनमधून ती तोंडातून बाहेर काढून परत आत घेतो, म्हणजे सगळ्यांना ताजं पाणी लागावं. हे दिसायला एकाच जागी पाच-दहा मिनिटं निश्चल थांबावं लागतं. तीस मीटरवर वीस मिनिटांच्या मर्यादेत एवढा वेळ कोण देणार?

मग स्वच्छता केंद्रं. नागमोडी शुंडकांच्या एका समुद्रफुलात पेडरसन श्रिम्प नावाची पारदर्शक, जांभळट ठिपक्यांची कोळंबी राहते. ती मिशा हलवून गिऱ्हाईक बोलावते. गोब्रा किंवा दुसरा एखादा मासा येतो, थबकतो, कल्ले आणि तोंड उघडतो, आणि कोळंबी त्याच्या अंगावरचे परजीवी वेचायला लागते. कधी तोंडाच्या आतसुद्धा जाते. एरवी अशा मासळीला क्षणात गिळणारा मासा तिथे शांत उभा राहतो. मला वाटतं रीफवर बघण्यासारखं याहून सुंदर काही नाही, आणि त्यासाठी फक्त खोलीच्या मोहातून सुटका लागते.

ट्रम्पेटफिश हा काठीसारखा लांब शिकारी. सी रॉड नावाच्या उंच मऊ प्रवाळांमध्ये डोकं खाली करून तो त्यांच्याच तालात डुलत राहतो. त्याची दुसरी युक्ती अशी, की एखाद्या पॅरटफिशला चिकटून तो पोहतो. पॅरटफिश शैवाल खाणारा, त्याला कुणी घाबरत नाही. २०२३ साली केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी क्युरासावच्या किनाऱ्याजवळ पाण्याखाली दोऱ्या बांधून त्यावरून या माशांच्या प्रतिकृती लहान डॅमसेलफिशच्या वस्तीपुढून सरकवल्या. एकटा ट्रम्पेटफिश आला की ते पाहणी करून पळत. पॅरटफिशला चिकटलेला आला की ते एकट्या पॅरटफिशला दिला असता तेवढाच, थंडा प्रतिसाद देत. एका प्राण्यानं दुसऱ्याच्या आडून शिकार करणं किती उपयोगाचं ठरतं, याचा हा प्रत्यक्ष पुरावा मानला गेला.

त्या पॅरटफिशलाही नीट बघा. तो दिसण्याआधी ऐकू येतो. चोचीसारख्या दातांनी तो मेलेल्या प्रवाळावरचं शैवाल खरवडतो, त्याचा करकर आवाज पाण्यात सहज पोचतो. खरवडताना चुनाही पोटात जातो, घशातल्या दातांनी दळला जातो आणि मागून वाळू होऊन बाहेर पडतो. कॅरिबियनच्या पांढऱ्या किनाऱ्यांतल्या वाळूचा काही भाग असाच तयार झालेला आहे. शैवाल वाढलं तर प्रवाळाच्या पिल्लांना बसायला जागा उरत नाही, म्हणून हा मासा रीफच्या जगण्याला फार महत्त्वाचा. बेलीझनं २००९ साली पॅरटफिश पकडण्यावर बंदी घातली ती याच कारणासाठी.

सी फॅन नावाच्या जांभळ्या जाळीदार पंख्यांवर फ्लेमिंगो टंग ही बोटाच्या पेराएवढी गोगलगाय सापडते. नारिंगी ठिपक्यांची सुंदर नक्षी. ती नक्षी शिंपल्यावर नसते. शिंपल्यावर ओढून घेतलेल्या तिच्या जिवंत त्वचेवर असते. सुंदर शंख म्हणून लोक ती उचलून न्यायचे आणि घरी पोचल्यावर हातात फिकट, साधा शंख उरायचा. मोठ्या गोल प्रवाळांवर ख्रिसमस ट्री वर्म्सची रंगीत पिसांची जोडशिखरं उभी असतात; सावली पडली की झटक्यात आत. मेलेल्या किड्यांच्या रिकाम्या भोकांतून सेक्रेटरी ब्लेनी नावाचा इवलासा मासा फक्त डोकं बाहेर काढून जगाकडे टकमक बघतो. आणि माकूळ! कॅरिबियन रीफ स्क्विड दिवसाउजेडी, उथळ पाण्यात, ओळ धरून तरंगताना दिसतात. त्यांच्या त्वचेवरचे रंग क्षणाक्षणाला बदलतात. नर एका बाजूनं मादीला प्रणयाचा नमुना दाखवतो आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूनं प्रतिस्पर्ध्याला धमकीचा.

अंधार पडताना एक खेळ होतो, जो बऱ्याच डायव्हरनाही ठाऊक नसतो. सूर्य मावळल्यावर तासाभरात, चंद्र नसलेल्या वेळी, उथळ रीफवर टॉर्च बंद करून थांबलं की पाण्यात निळ्या प्रकाशाचे ठिपके एकामागून एक उमटायला लागतात. ऑस्ट्राकॉड नावाचे, जेमतेम दोन मिलिमीटरचे कवचधारी जीव हे करतात. नर पोहता पोहता ठरावीक अंतरावर प्रकाशाचा एकेक थेंब सोडत जातो. प्रत्येक जातीचा क्रम वेगळा, कुणी वर चढत जाणारा, कुणी खाली उतरणारा, कुणाचे ठिपके जवळ, कुणाचे दूर. त्या खुणेवरून मादी आपल्या जातीचा नर ओळखते. प्रकाशानं असं प्रियाराधन करणाऱ्या ऑस्ट्राकॉडच्या जाती कॅरिबियनमध्येच आढळतात. जो रीफ कोरडा वाटला असेल, तोही त्या अर्ध्या तासात चमकून उठतो.

इतकं सांगितल्यावर एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. उथळ म्हणजे निर्धोक असं समजू नका. दाबातला सगळ्यात मोठा सापेक्ष बदल पहिल्या दहा मीटरांतच होतो: पृष्ठभागापासून दहा मीटरवर तो दुप्पट होतो, तर वीसवरून तीसवर जाताना फक्त तिसऱ्या हिश्शानं वाढतो. याचे तीन परिणाम. एक, कान लगेच दाटतात. दुखायची वाट न बघता उतरायला लागल्यापासूनच नाक दाबून हलकेच हवा फुंकत राहायचं. सर्दी असेल तर त्या दिवशी पाण्यात जायचंच नाही. दोन, श्वास रोखून वर येणं दीड-दोन मीटरवरूनही फुप्फुसाला इजा करू शकतं, कारण आतली हवा प्रसरण पावते. म्हणून श्वास सतत चालू, हा स्कुबाचा पहिला नियम उथळात तितकाच कडक. तीन, तरंगण्याचा तोल राखणं इथे जास्त कठीण. तरंगण्यासाठी हवा भरायच्या जॅकेटातली आणि वेटसूटमधली हवा थोड्याशा चढ-उतारानं खूप फुगते किंवा आकसते. नवशिके मग हात मारतात, पाय झाडतात आणि प्रवाळाला धडकतात. वजनपट्टा अचूक हवा, आणि उंची लहान-मोठ्या श्वासानं सांभाळायला शिकायला हवं. मला विचाराल तर खोल जाण्याच्या पुढच्या कोर्सपेक्षा तोल शिकवणाऱ्या सरावावर पैसे खर्च करावेत.

लाटांचा हेलकावा असेल तर एल्कहॉर्नच्या जवळ जाऊ नका. पाणी तुम्हाला फूट-दोन फूट सहज सरकवतं. फायर कोरल नावाचा मोहरीच्या रंगाचा जीव उथळातच जास्त असतो, स्पर्श झाला तर कातडीला आग लागल्यासारखं होतं. डोक्यावरून बोटी जातात, म्हणून वर येताना वर बघा आणि कान उघडे ठेवा.

आणि आता दुःखाची बाजू. मी वर्णन केलेला उथळ पट्टाच गेल्या पन्नास वर्षांत सगळ्यात जास्त होरपळला आहे. १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून पांढऱ्या पट्ट्याच्या रोगानं एल्कहॉर्न आणि स्टॅगहॉर्न यांची जंगलंच्या जंगलं मारली. २००६ साली अमेरिकेनं दोघांनाही धोक्यातल्या जाती म्हणून कायद्याचं संरक्षण दिलं. १९८३ साली पनामाजवळ लांब काळ्या काट्यांचा डायडेमा सी अर्चिन मरायला लागला, आणि जेमतेम वर्षभरात कॅरिबियनभरातले नव्वद टक्क्यांहून अधिक गेले. हा प्राणी रात्री शैवाल खायचा. तो गेल्यावर शैवाल माजलं आणि प्रवाळ गुदमरले. हळूहळू तो सावरत होता, तर २०२२ मध्ये पुन्हा साथ आली; या खेपेस एकपेशीय परजीवी कारणीभूत असल्याचं शास्त्रज्ञांनी शोधून काढलं. २०१४ साली मायामीजवळ दिसलेला प्रवाळांच्या ऊती नष्ट करणारा रोग आता बऱ्याच बेटांवर पोचला आहे. त्यावर २००५ आणि २०२३ च्या भीषण उष्णतेच्या लाटा. पाणी फार तापलं की प्रवाळ आपल्यातली शैवालं बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. हे लांबलं तर उपासमारीनं मरतात. उथळ पाण्यात ऊनही जास्त आणि तापही जास्त, त्यामुळे जे वरदान होतं तेच तिथे संकट झालं.

तरीही जायचं का? माझं उत्तर, हो, आणि डोळे उघडे ठेवून. बोनेरनं १९७१ साली भाल्यानं मासेमारीवर आणि १९७५ साली प्रवाळ तोडण्यावर बंदी घातली. १९७९ साली तिथे सागरी उद्यान स्थापन झालं, भरतीच्या रेषेपासून ६० मीटर खोलीपर्यंत. डायव्हरनी हातमोजे घालायलाही तिथे मनाई आहे, कारण हातमोजे असले की माणूस निर्धास्तपणे प्रवाळ धरतो. पाण्यात टांगलेल्या झाडासारख्या सांगाड्यांवर एल्कहॉर्न आणि स्टॅगहॉर्नचे तुकडे वाढवून ते रीफवर परत लावायचं कामही चालतं, आणि या रोपवाटिका उथळातच असल्यामुळे ते काम बघता येतं. पॅरटफिश आणि डायडेमा कुठे जास्त दिसतात आणि तिथे प्रवाळ कसे आहेत, हे एकाच डाईव्हमध्ये ताडून बघितलं की वाचलेलं सगळं समोर उलगडतं.

कुठे जावं? ज्याला स्वतःच्या तालानं, बोटीच्या वेळापत्रकाशिवाय बघायचं आहे त्यानं बोनेर निवडावं. रस्त्याकडेला पिवळे रंगवलेले दगड डायव्हिंगच्या जागा दाखवतात. गाडी लावायची, सिलिंडर पाठीला अडकवायचा आणि चालत पाण्यात शिरायचं. किनाऱ्यापासून साधारण दहा मीटर खोलीपर्यंत सपाटसा ओटा आहे, पुढे उतार. मीठ जहाजात चढवायच्या सॉल्ट पिअरच्या खांबांवर स्पंज आणि प्रवाळ वाढले आहेत, खांबांमध्ये माशांचे थवे असतात. जहाज लागलेलं असेल त्या दिवशी तिथे उतरता येत नाही. ज्याच्याबरोबर स्कुबा न करणारी माणसं आहेत त्याला बेलीझमधलं होल चान हे १९८७ पासूनचं राखीव क्षेत्र सोयीचं. खोली नऊ मीटरच्या आसपास, वरून स्नॉर्केल करणाऱ्यांनाही, म्हणजे पृष्ठभागावर नळीनं श्वास घेत पोहणाऱ्यांनाही, तेच दिसतं. ग्रँड केमनच्या नॉर्थ साउंडमध्ये चारेक मीटर पाण्यात मोठमोठी पाकटं जमतात. पूर्वी कोळी तिथे मासे साफ करून उरलेलं पाण्यात टाकायचे, त्या सवयीनं ती येऊ लागली. आज पर्यटक त्यांना खायला घालतात, जे मला फारसं रुचत नाही, पण पाकट एवढ्या जवळून बघण्याचं मोल मी नाकारणार नाही. ग्रेनाडाच्या मोलिनिएर उपसागरात २००६ साली जेसन डिकेअर्स टेलर या शिल्पकारानं पाण्याखाली मूर्ती बसवल्या. उथळात असल्यामुळे त्यांच्यावर स्पंज आणि प्रवाळ कसे घर करतात ते उजेडात दिसतं.

प्रमाणपत्र नसेल तर प्रशिक्षकाबरोबरचा अनुभव-डाईव्ह १२ मीटरपर्यंत करता येतो, म्हणजे वर सांगितलेलं जवळपास सगळं त्या परवानगीत बसतं. ओपन वॉटर कोर्स १८ मीटरपर्यंत नेतो आणि स्वतंत्रपणे, जोडीदाराबरोबर उतरायची मुभा देतो. बुकिंग करताना केंद्राला स्पष्ट सांगा की तुम्हाला उथळ, लांब आणि सावकाश डाईव्ह हवा आहे. नाहीतर ते तुम्हाला रीफच्या खोल उतरत जाणाऱ्या कड्यावर नेतील, कारण बहुतेक गिऱ्हाइकं तेच मागतात. उन्हासाठी सनस्क्रीनपेक्षा लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा बरा, यू.एस. व्हर्जिन आयलंड्सनं २०२० साली ऑक्सिबेन्झोनसारखी, प्रवाळांना अपायकारक मानली जाणारी द्रव्यं असलेल्या सनस्क्रीनवर बंदीच घातली आहे. वादळांचा हंगाम जून ते नोव्हेंबर. बोनेर आणि क्युरासाव वादळांच्या पट्ट्याच्या दक्षिणेला असल्यामुळे तिथे धोका बराच कमी.

परतीच्या विमानाचं गणित आधीच मांडून ठेवा. अनेक दिवस डायव्हिंग केल्यावर शेवटचा डाईव्ह आणि उड्डाण यांत किमान १८ तास सोडायचे असतात, कारण विमानात हवेचा दाब कमी असतो आणि शरीरातला उरलेला नायट्रोजन तिथे बुडबुडे करू शकतो. तो शेवटचा दिवस मास्क आणि स्नॉर्केलला द्या, आणि एखाद्या लाकडी धक्क्याखाली जा. सार्जंट मेजरचे जांभळे डाग आणि माकुळांची ओळ तिथे छातीभर पाण्यातही सापडते.